नॅकसाठी दोन पानं पाहिजे होती

नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना तपासून श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या, निकषांतला क्रायटेरिया सात कुणालाच नको असतो. ज्यांनी कॉलेजात नॅकचं काम केलंय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. बाकीच्या क्रायटेरियात निदान आकडे असतात, निकाल किती, पुस्तकं किती, पीएचडी किती, सातमध्ये मूल्यं असतात आणि मूल्यांचे पुरावे आणायचे कुठून, वरून फोटो पाहिजे तो पण जिओटॅग. म्हणून ते लोढणं दरवेळी सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाच्या गळ्यात पडतं. २०२३ च्या दिवाळीनंतर माझ्या गळ्यात पडलं. मी मराठीला तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे नाही म्हणायची सोय नाही.

दुसरं पण कारण होतं, जे आयक्यूएसीचे, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचे, सर बोलले नाहीत. पस्तिशीला टेकलेला माणूस, लग्न नाही, मुली बघायला जात नाही, सुट्टी लागली की पुण्याची गाडी धरतो. स्टाफरूमला माझ्याबद्दल माहिती आहे आणि आपल्याला माहिती नाही असं स्टाफरूमनं ठरवूनही टाकलंय. चाललंय तसं. सर म्हणाले, "ते एलजीबीटी वगैरे पण घालू की ७.१.१ ला, नवीन आहे, नॅकच्या टीमला आवडंल. आपल्याकडं आजवर काय काय झालं ते दोन पानांत लिहा, पुरावे जोडा." मी म्हणलं, सर काय झालंय आपल्याकडं? ते म्हणले, "तेच तर शोधायचंय."

आमचं कॉलेज म्हणजे मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावचं, अनुदानित, पीजीपर्यंत सगळं, मुलांचं एक आणि मुलींचं एक वसतिगृह, पोरं बहुतेक खेड्यातली, काहींचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. मी इथंच एमए केलंय, २०१२ ते १४. त्यामुळं मला वाटलं होतं की आपल्याला सगळं माहितीये आणि लिहायला काहीच नाहीये. पहिल्यांदा मी इंटरनेटवर बाकीच्यांचं बघितलं. मुंबईच्या आयआयटीत एलजीबीटी विद्यार्थ्यांचा साथी नावाचा गट २०११ पासून आहे. टिसमध्ये, म्हणजे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, २०१८ ला जेंडर न्यूट्रल, मुलगा-मुलगी असा भेद नसलेलं, वसतिगृह झालं. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठानं २०२२ मध्ये वसतिगृहाचा एक मजला तसा केला. आपल्याला हैदराबाद काही लांब नाही, निजामाच्या काळापासूनचं जाणं-येणं, पण हे वाचताना तिकडं जायचा रस्ताच बंद पडलाय असं वाटत होतं. तिथं पॉलिसी, इथं मी आणि आयक्यूएसीची एक रिकामी बॉक्सफाइल.

तर सुरुवात केली रेकॉर्डरूमपासून. आमचे भाऊसाहेब, म्हणजे हेडक्लार्क, रिटायरमेंटला आलेले, तरुणपणी नामांतरासाठी जेलात जाऊन आलेले. त्यांनी चावी दिली आणि म्हणले, "कामून शोधायलाव सर? वाळवी लागलीय समद्याला." वाळवी खरंच होती. पण एनएसएसचे रजिस्टर वरच्या फळीवर होते म्हणून वाचले, आणि त्यात आमच्या कॅम्पसवरचा सगळ्यात जुना कागद सापडला. २०१० चा. १ डिसेंबर, जागतिक एड्स दिन, रेड रिबन क्लबतर्फे पथनाट्य आणि व्याख्यान. खाली निळ्या शाईत अहवाल आणि त्यात एक वाक्य, "समलिंगी पुरुष व तृतीयपंथी या अतिजोखीम गटाविषयी पाहुण्यांनी माहिती दिली."

म्हणजे आमच्या कॉलेजच्या कागदावर आम्ही पहिल्यांदा आलो ते रोगराईच्या रकान्यात. मला आधी राग आला. दिल्ली हायकोर्टाचा निकाल २ जुलै २००९ ला येऊन गेलेला होता, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम तिथं सैल झालेलं होतं, त्याचा या रजिस्टरमध्ये मागमूस नाही, आहे काय तर अतिजोखीम. पण अहवालाखाली सही होती ती आमच्या तेव्हाच्या एनएसएसच्या मॅडमची, त्या रिटायर होऊन गावातच राहतात, म्हणून गेलो.

मॅडमनी चहा टाकला, मग म्हणल्या फोटो आहेत. अल्बम काढला, चिकटलेली पानं सुरीनं सोडवली. एका फोटोत झेडपीच्या शाळेच्या व्हरांड्यात पोरं मांडी घालून बसलेली आणि पुढं एक सडपातळ माणूस, फुल शर्ट, केस चापून बसवलेले, हातात माईक. मॅडम म्हणल्या हा त्या एड्सच्या प्रोजेक्टमध्ये काम करणारा, आउटरीच वर्कर. तेव्हा नॅकोच्या, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संघटनेच्या, पैशातून जिल्ह्याजिल्ह्यात संस्था असलं काम करायच्या, आणि कॉलेजात रेड रिबन क्लब काढा असं वरून आलेलं होतं. तेव्हाच्या प्राचार्यांनी अट घातली, व्याख्यान द्या पण कंडोमची पेटी गेटच्या आत येता कामा नये. मग मॅडमनी काय केलं, कॅम्पसवर पथनाट्य ठेवलं आणि त्या माणसाला घेऊन गेल्या हिवाळी शिबिराला, खेड्यात, जिथं प्राचार्य फक्त उद्घाटनाला येतात.

"तिथं तो स्वतःबद्दल बोलला," मॅडम म्हणल्या. "सरळ म्हणला की मला पुरुष आवडतात, आमच्यात कोती म्हणतात. पोरं हसली थोडी. पण गावातली म्हातारी माणसं बसली होती मागं, त्यांना काहीच वाटलं नाही. त्या गावात एक आराधी होता, गडीमाणूस, लुगडं नेसून नवरात्रात परडी घेऊन फिरायचा, गाव त्याच्या पाया पडायचं. आपल्या कॉलेजलाच जास्त झालं होतं बघ."

आणि शेवटी त्या माणसानं सांगितलं म्हणे की कुणाला काही विचारायचं असंल तर मी अमुक वारी सिव्हिलला, आयसीटीसीच्या, म्हणजे एचआयव्ही तपासणी केंद्राच्या, बाहेर बसलेलो असतो. परतताना दोन पोरांनी मॅडमकडून त्याचा पत्ता घेतला, प्रोजेक्टसाठी पाहिजे म्हणून. मॅडमनी विचारलं नाही कसला प्रोजेक्ट. मी पण त्यांना विचारलं नाही की ती दोन पोरं कोण, पण घरी येताना तो फोटो मोबाईलमध्ये पुन्हापुन्हा मोठा करून बघत होतो, बसलेल्या पोरांचे चेहरे.

तर ही पहिली एंट्री. सपोर्ट म्हणावा असा, एचआयव्हीच्या आडून आलेला. आता वाचताना कुणी नाक मुरडंल, पण २०१० मध्ये आमच्या तालुक्यातल्या पोराला बोलायला जगात एकच जागा होती आणि ती सिव्हिल हॉस्पिटलमधल्या बाकड्यावर होती.

२०१३ चं मला कुणाला विचारायची गरज नव्हती. ११ डिसेंबर, बुधवार, सुप्रीम कोर्टानं दिल्लीचा निकाल उलटा फिरवला, पुन्हा गुन्हा. मी वसतिगृहावर होतो. टीव्हीरूममध्ये पोरं बातमी बघून टाळ्या देत होती, वाईट मनानं नाही, विषयच त्यांना विनोदी वाटायचा. पुढच्या एप्रिलमध्ये तृतीयपंथीयांच्या हक्कांचा नालसा निकाल आला तो १५ तारखेला, म्हणजे आंबेडकर जयंतीच्या दुसऱ्या दिवशी, रात्रभर मिरवणूक नाचून सगळं कॅम्पस झोपलेलं, टीव्ही दुपारपर्यंत कुणी लावलाच नाही. ग्रंथालयातल्या मदतनीस मामांनी मात्र दोन्ही निकालांची कात्रणं काढून ठेवलेली सापडली. त्यांना विषयाशी देणंघेणं नव्हतं, कोर्टाचं काहीही आलं की कापायचे, स्पर्धा परीक्षेच्या पोरांना लागतं म्हणून. पण कात्रणांच्या त्या वहीत २०१४ च्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं बारीक उभ्या रेघा मारलेल्यात. स्वतःला स्त्री म्हणायचं, पुरुष म्हणायचं की तृतीयपंथी हे त्या व्यक्तीनंच ठरवायचं, असं जिथं आहे त्या ओळींना. एमपीएससीवाल्यानं मारल्या असतील. असतील बुवा.

आता गंमत ऐका. त्याच वर्षी यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, विद्यापीठांना कळवलं की शिष्यवृत्तीच्या वगैरे अर्जांत ट्रान्सजेंडरचा रकाना ठेवा. ते पत्र फिरत फिरत आमच्याकडं आलेलं होतं, आवकच्या शिक्क्यासह सापडलं, आणि त्यावर लाल शाईत शेरा, "नोंद घेतली. फाइल करा." झालं. छापील प्रवेश अर्जावर पुढची कितीतरी वर्षं कुमार, कुमारी, श्रीमती एवढंच. मग प्रवेश ऑनलाइन झाले आणि एक दिवस ड्रॉपडाऊनमध्ये 'इतर' आलं. मी हा ठराव कधी झाला म्हणून शोध शोध शोधला. ठरावच नाही. सॉफ्टवेअरवाल्यानं तयार फॉर्म दिला त्यात तो पर्याय आधीपासून होता आणि आपल्याकडल्या कुणी काढला नाही, कारण कुणाच्या लक्षात आलं नाही. मी अहवालात "महाविद्यालयाने प्रवेश अर्जात तिसरा पर्याय उपलब्ध करून दिला" असं लिहिलं. खोटं तर नाही ना.

खरा कागद मात्र अँटी रॅगिंगच्या फाइलमध्ये निघाला.

२०१७ चं प्रकरण. पहिल्या वर्षाचा एक पोरगा, वसतिगृहावरचा, त्यानं अर्ज दिलेला. अक्षर चांगलं, शुद्धलेखन माझ्या एमएच्या पोरांपेक्षा बरं. रात्री सीनियर खोलीत बोलावतात, बायल्या म्हणतात, टॉवेलचा पदर घेऊन नाचायला लावतात, व्हिडिओ काढतात. समितीची बैठक झाली, इतिवृत्तात लिहिलं की "चेष्टामस्करीतून प्रकार घडला, दोन्ही बाजूंची समजूत काढण्यात आली." खाली सह्या. आणि त्या सह्यांच्या खाली, अर्ध्या पानावर, एक वेगळी टिपणी. रॅगिंगच्या समितीत बाहेरचे सदस्य लागतात, संस्थेचे, पत्रकार वगैरे, त्यात एक वकील ताई होत्या, महिलांच्या केसेस लढणाऱ्या. त्यांनी लिहिलेलं की २०१६ च्या जूनमध्ये यूजीसीनं रॅगिंगच्या नियमात सुधारणा केलेली आहे, त्यानुसार लिंगभाव, ज्यात ट्रान्सजेंडर आले, आणि लैंगिक कल या कारणावरून दिलेला त्रास हे सरळ रॅगिंग आहे, इथं समजूत काढायचा अधिकारच समितीला नाही, माझा विरोध नोंदवावा.

मी रेकॉर्डरूममध्ये उभ्यानं ते पान वाचलं. २०१७ म्हणजे ३७७ अजून जिवंत होतं. कायद्यानं मी गुन्हेगार, आणि त्याच देशाच्या यूजीसीचा नियम म्हणतोय की याला त्या कारणानं छळाल तर तुम्ही गुन्हेगार. हे दोन्ही एकाच वेळी खरं होतं आणि आमच्या अख्ख्या कॉलेजात एकट्या ताईंना माहिती होतं. आपण सगळे दरवर्षी पोरांकडून ते अँटी रॅगिंगचं हमीपत्र भरून घेतो, हजारो भरली असतील, आत काय लिहिलंय ते वाचलंय कुणी?

त्या पोराचा नंबर जुन्या वर्गमित्राकडून मिळाला. पुण्यात कंपनीत आहे. फोन करायच्या आधी दोन दिवस मी टाळत होतो, कारण माणसाची खपली कशाला काढायची. त्याला सांगितलं की नाव येणार नाही, प्रकरणाचा नुसता उल्लेख करू का. तो म्हणला करा. मग शांत बसला आणि म्हणला, "सर, विरोध नोंदवला होता कुणी?" त्याला माहितीच नव्हतं. त्याला फक्त समजूत काढल्याचं सांगितलं होतं, मग त्यानं वसतिगृह सोडून गावात रूम केली, डबा लावला आणि डिग्री पूर्ण केली. म्हणला त्या पानाची झेरॉक्स मिळंल का. मी म्हणलं तू अर्जदार आहेस, अर्ज कर, तुझा हक्क आहे. भाऊसाहेबांनी आठवड्यात सही-शिक्क्याची नक्कल पाठवून दिली, पोस्टानं, रजिस्टर्ड.

२०१८ नंतरचं जे आहे त्याला कागदच नाही. ६ सप्टेंबर, पोळ्याच्या आधीचा गुरुवार. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध ३७७ मधून बाहेर काढले. मी तोपर्यंत इथं शिकवायला लागलो होतो. आठवडाभरात एक व्हॉट्सअॅप ग्रुप झाला, त्याचं नाव 'भाषाविज्ञान नोट्स'. हे नाव ठेवणाऱ्या पोरीला मी मनातल्या मनात अजून मानतो, कारण कुणी मागून फोनमध्ये डोकावलं तरी भाषाविज्ञान उघडून बघायची कुणाची छाती होत नाही. सुरुवातीला पाचसहा जण, मग वाढत गेले, आधीचे पास होऊन गेले तरी ग्रुपमध्ये राहिले. कॅन्टीनच्या मागं पाण्याची टाकी आहे तिथं संध्याकाळी बसायचं. बोलणं म्हणजे काय, नव्वद टक्के परीक्षा, एसटी, रूमभाडं आणि दहा टक्के ते. कुणाला अॅपवर भेटलेल्या माणसानं फोटो दाखवून पैसे मागितले की एक जण सोबत पोलीस स्टेशनला. कुणाला टेस्ट करायची की एक जण सोबत सिव्हिलला, तिथला समुपदेशक चांगला होता, रजिस्टर बंद करून बोलायचा.

मुलींचं मात्र निराळं. लोकांना वाटतं मुलींना सोपं, दोन मुली एका खोलीत राहिल्या तर कुणाच्या डोळ्यावर येत नाही. येत नाही हे खरं, पण त्यांचा फोन दर शनिवारी गावाकडं तपासला जातो, आणि बीएचं शेवटचं वर्ष लागलं की स्थळं सुरू. पोरांना नोकरी लागेपर्यंत तरी मुदत मिळते. त्या ग्रुपमधल्या एका मुलीला टाळता टाळता एमए, मग बीएड, मग सेट, म्हणजे प्राध्यापकीची परीक्षा, असं शिकतच राहावं लागलं, म्हणजे आमच्याकडं मुलीला लग्न टाळायचं तर डिग्रीशिवाय दुसरं निमित्त चालतच नाही. ती हसत म्हणायची, सर मी पीएचडी आवडीनं नाही, जिवाच्या आकांतानं करायलेय. लॉकडाऊनमध्ये सगळे आपापल्या गावी अडकले तेव्हा ती रात्री माळवदावर चढून रेंज धरायची आणि ग्रुपवर फक्त टिंब टाकायची. टिंब म्हणजे ठीक आहे. बाकीचे पण टिंब टाकायचे. आता यातलं जिओटॅग काय करू?

तिसरी गोष्ट त्या विद्यार्थिनीची, जिच्यामुळं हे सगळं ऑफिसपर्यंत पोचलं. २०२१ ला तिनं बीएला प्रवेश घेतला, तृतीयपंथी म्हणून, उघडपणे. २०१९ चा कायदा आणि २०२० चे नियम आलेले होते, त्यात तेव्हा असं होतं की नॅशनल पोर्टलवर अर्ज आणि शपथपत्र भरायचं, डॉक्टरी तपासणी नाही, आणि जिल्हाधिकारी प्रमाणपत्र नि ओळखपत्र देतात. तिनं ते सगळं स्वतः मोबाईलवर भरलेलं. पण दहावी-बारावीची मार्कशीट जुन्या नावाची, त्यामुळं हॉलतिकीट जुन्या नावाचं, फोटोत मुलगा, आणि परीक्षेला आली पंजाबी ड्रेसमध्ये. पर्यवेक्षकानं दारातच थांबवलं, डमी बसवलाय म्हणून. पेपर सुरू होऊन दहा मिनिटं झालेली, ती व्हरांड्यात, हातात कलेक्टर ऑफिसचं कार्ड, आणि पोरं खिडकीतून बघतायत.

तिथं भाऊसाहेब आले. त्यांना कुणी बोलावलं मला माहिती नाही. कार्ड बघितलं, हॉलतिकीट बघितलं, म्हणले, "हे माजलगावच्या साळवेंसारखं का?" आमच्या भागात कुणालाही हा विषय समजावायचा तर ललित साळवेंच्याच नावानं सुरुवात होते, बीड पोलीस दलातले, २०१८ ला मुंबईच्या सेंट जॉर्जमध्ये शस्त्रक्रिया झाली, गावोगाव बातमी गेलेली. ती म्हणली तसं नाही पण तसंच धरा. मग भाऊसाहेब पर्यवेक्षकाला म्हणले, "विद्यापीठाचं नाव बदलायला लोकांनी सोळा वर्षं घातली सर, अठ्याहत्तर ते चौऱ्याण्णव. हिचा तीन तासांचा पेपर आहे. बसू द्या, हमी मी लिहून देतो." आणि दिली, तिथंच, उत्तरपत्रिकेच्या पुरवणीच्या कोऱ्या कागदावर. तो कागद माझ्या बॉक्सफाइलमध्ये आहे, पुरावा क्रमांक चार.

टॉयलेटचं पण सांगायलाच पाहिजे. नालसा निकालातच वेगळ्या स्वच्छतागृहांचं म्हणलेलं आहे. आमच्याकडं काय केलं, दिव्यांगांसाठीचं जे होतं त्याच्यावर 'तृतीयपंथी' अशी दुसरी पाटी मारली आणि कुलूप लावलं, चावी ऑफिसात. कुलूप का, तर पोरं आत सिगरेट ओढतात. म्हणजे लघवीला जायचं तर ऑफिसात जाऊन चावी मागायची, आठ जणांसमोर. ती एकदा पण गेली नाही. इंग्रजीच्या मॅडमनी तिला लेडीज स्टाफचं वापरायला सांगितलं, ते तीन वर्षं चाललं, कुणी हूं की चूं केलं नाही. मी फोटो काढायला गेलो तर आयक्यूएसीचे सर म्हणाले कुलूप काढून काढा. मी म्हणलं सर, काढलंच तर परत कशाला लावायचं? ते जरा थांबले. मग म्हणले ठीकाय, नका लावू. एवढ्यात झालं! तीन वर्षांत जे झालं नाही ते अक्षांश-रेखांशासहित एका फोटोसाठी झालं.

दोन पानांची सात झाली होती, कापून तीन केली आणि प्राचार्यांकडं नेली. आमचे आत्ताचे प्राचार्य माणूस चांगला, घाबरट आहे पण चांगला. त्यांनी लाल पेन घेतलं आणि जिथं जिथं समलिंगी होतं तिथं काट मारली, तृतीयपंथी ठेवलं. मी विचारलं सर हे का. म्हणले, "तृतीयपंथींचा कायदा आहे, जीआर आहेत, कल्याण मंडळ आहे. दुसऱ्याचं काय आहे? आणि आत्ताच तर कोर्टानं लग्नाला नाही म्हणलंय." समलिंगी लग्नांबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा १७ ऑक्टोबरचा निकाल, ताजाच होता. आणि मग, "अशी असून असून कितीक असतील आपल्याकडं?"

मी म्हणलं सर, २०११ च्या जनगणनेत 'इतर' म्हणून अख्ख्या महाराष्ट्रात ४०,८९१ लागलेत, म्हणजे दारात आलेल्या गुरुजींना ज्यांनी स्वतःहून सांगितलं तेवढे. समलिंगी कितीक ते तर कुणी विचारलंच नाही, रकानाच नाही. हेच तर दुखणं आहे. ट्रान्स पोरांना निदान कार्ड आहे, ते खरं मिळतं की नाही, कसं मिळतं हे पुढचं, पण ऑफिसला दाखवायला कागद आहे. गे-लेस्बियन पोरांच्या बाजूनं कायदा एवढंच म्हणतो की आता तुम्ही गुन्हेगार नाही. ते कुठल्या फाइलला लावणार?

प्राचार्य नाही म्हणतच राहिले. मग मी वकील ताईंच्या टिपणीची प्रत आणि २०१६ ची सुधारणा टेबलावर ठेवली, लैंगिक कल या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ मारून. म्हणलं सर, हा आपला शब्द नाही, यूजीसीचा आहे, भारताच्या राजपत्रातला, आणि यावर आपण दरवर्षी हमीपत्र घेतो. त्यांनी ते दोनदा वाचलं. ऑफिसच्या माणसाला भावनेनं सांगितलेलं पटत नाही असं नाही, पटतं, पण सही करायला त्याला आधार लागतो. त्यांनी काटलेलं परत हातानं लिहिलं, आणि वर स्वतःच एक वाढवलं, की मग असा कक्ष पाहिजे ना आपल्याकडं, टीम विचारंल. त्याच दिवशी कार्यालयीन आदेश निघाला, समावेशन कक्ष, समन्वयक मी, सदस्य इंग्रजीच्या मॅडम, बाहेरच्या सदस्य वकील ताई. जावक क्रमांकासहित.

टीम आली, कशी आली कशी गेली ते सांगण्यासारखं नाही, ढोकळा होता, सांस्कृतिक कार्यक्रम होता. आमच्या फाइलपाशी एक मॅडम दोन मिनिटं थांबल्या आणि हिंदीत विचारलं की सपोर्ट ग्रुपचं नाव काय. माझ्या तोंडावर भाषाविज्ञान नोट्स आलं होतं, गिळलं. म्हणलं, नाव नाही ठेवलं मॅडम, मुलांना नको आहे. त्यांनी मान हलवली आणि पुढं गेल्या.

टीम गेल्यावर बाकी बरेच कक्ष विझले, हे दर नॅकला होतं. हा मी विझू दिला नाही कारण आदेश रद्द झालेला नाही आणि त्यावर माझं नाव आहे. त्या एका कागदावर आम्ही काय काय केलं तर, पहिल्या वर्षाच्या स्वागताला रॅगिंगवर बोलताना लैंगिक कल हे शब्द माईकवरून उच्चारले, पहिल्यांदा पोरं हसली, दुसऱ्या वर्षी कमी हसली. हॉलतिकिटासोबत जिल्हाधिकाऱ्यांचं कार्ड चालंल असं पर्यवेक्षकांच्या सूचनापत्रात घातलं. वसतिगृहाच्या रेक्टरना ताईंनी तासभर शिकवलं, ते बिचारे मन लावून ऐकत होते आणि शेवटी म्हणले की मग आमच्याकडं येऊन रडणाऱ्या पोराला आम्ही कुठं पाठवायचं, ते सांगा. सिव्हिलच्या मानसोपचार विभागाचे वार लिहून दिले, आणि बरं करून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरकडं पाठवू नका हे ठळक लिहिलं, कारण नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ मध्ये असले उपचार गैरवर्तन ठरवलेत. हे रेक्टरना खरंच नवीन होतं.

ती विद्यार्थिनी पास झाली. डिसेंबर २०२२ मध्ये हायकोर्टानं पोलीस भरतीत तृतीयपंथीयांना जागा द्यायला सरकारला लावलं, तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच आहे. पहाटे कॉलेजच्या ग्राउंडवर पळते, वॉचमन मामा तिचे राऊंड मोजतात आणि एखादा जास्तीचा मारायला लावतात. सेटवाली मुलगी सेट पास झाली, आता घरच्यांकडं निमित्त संपत आलंय, त्याचं काय करायचं यावर टाकीपाशी चर्चा चालू आहे.

सध्या माझ्या डोक्याला वसतिगृहाचा ताप आहे. येत्या वर्षी एका ट्रान्स मुलाचा प्रवेश होणारे, तांड्यावरचा आहे, रोज ये-जा परवडणार नाही आणि मुलींच्या वसतिगृहात तो राहणार नाही. एक खोली, आतून संडास-बाथरूम असलेली, रेक्टरच्या क्वार्टरशेजारी रिकामी आहे. अर्ज दिलाय, प्राचार्य तयार आहेत, पण महाविद्यालय विकास समितीपुढं ठराव ठेवायचा तर भाऊसाहेबांच्या जागी आलेल्या नव्या क्लार्कना नमुना पाहिजे. इंग्रजीतले नमुने मला सापडले, ते त्यांना नकोत, मराठी कॉलेजचा पाहिजे म्हणतात, शक्यतो अनुदानित. तेव्हा कुणाच्या कॉलेजात असा ठराव झाला असेल, अर्धामुर्धा का असेना, तर त्याची भाषा मला द्या. प्रवेश जूनमध्ये सुरू होतात, समितीची बैठक त्याच्या आधी लागेल.